विजापूरची साथ

१. ही साथ म्हणजे १६८८ अखेरचा विजापूरचा प्लेग. आदिलशाहीची ही राजधानी औरंगजेबाने १६८६ साली घेतली होती. काखेत, जांघेत गाठ येई, सडकून ताप भरे आणि थोड्याच दिवसांत माणूस जाई. औरंगजेबाची बेगम औरंगाबादी महल या साथीत वारली. त्याचा सरदार गाजीउद्दीन फिरोजजंग वाचला, पण त्याची दृष्टी गेली. सरदारांची नावे तरी उरली. छावणीतले भिस्ती, मोतद्दार, बाजारबुणगे मात्र बेनाव गेले, ही मोठीच खंत. बादशहाने तळ अकलूजला हलवला. संभाजीराजे पकडले गेल्याची बातमी त्याला तिथेच मिळाली. १६८९ च्या घडामोडी वाचताना वाचकांनी ही साथ जरूर ध्यानात घ्यावी.