गाडीमागे ट्रेलर जोडताय? आधी ‘उलाळ’ समजून घ्या

अमरावती-अकोला मार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ५३) लोणी ते माना दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत तयार झाला. त्याची नोंद गिनीज बुकात झाली. पण गुळगुळीत रस्त्यावर वेग सहज वाढतो, आणि जीप किंवा एसयूव्हीमागे जनरेटरचा, मंडपाच्या सामानाचा किंवा शेतमालाचा ट्रेलर असेल तर हाच वेग जिवावर बेतू शकतो.

ट्रेलर डोलतो का?

वऱ्हाडात बंडी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की बंडी ‘उलाळ’ होते आणि जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तसंच आहे. वजन चाकांच्या मागे गेलं की दांडी गाडीचा मागचा भाग वर उचलते. मागच्या टायरची पकड कमी होते, ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि वेगासोबत हे झोके वाढत जातात.

माल कसा भरायचा?

- जड सामान तळाशी आणि चाकांच्या किंचित पुढे ठेवा.
- ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार दांडीवर हवा. म्हणजे ६०० किलोला सुमारे ६० किलो. ट्रेलर सपाट जागी उभा करून दांडीखाली वजनकाटा ठेवला की अंदाज येतो.
- सामान दोरानं घट्ट बांधा. माणसं मात्र ट्रेलरमध्ये कधीच बसवू नका.

निघण्यापूर्वी

- गाडी किती वजन ओढू शकते, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहा. आकडा दिलेला नसेल तर ट्रेलर जोडू नका.
- गाडीला असलेला टोइंग हूक बंद पडलेली गाडी ओढण्यापुरता असतो. ट्रेलरसाठी वेगळी, मजबूत जोडणी लागते.
- सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींवर फुली मारून लावा. पिन निसटली तरी दांडी रस्त्यावर आदळत नाही.
- ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि टायरमधली हवा तपासा. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. कमी हवेचा, भरलेला टायर अशा उन्हात लवकर तापून फुटतो.

ट्रेलर डोलू लागला तर?

अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग आपोआप कमी होऊ द्या. जोरात ब्रेक दाबू नका, वेगही वाढवू नका. नंतर गाडी सुरक्षित जागी थांबवून माल पुढे सरकवा.

घाटात काय?

अनेक छोट्या ट्रेलरना स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे दोन्हींचा भार गाडीच्याच ब्रेकवर येतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना सुरुवातीपासूनच खालचा गिअर ठेवा. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि लागेनासा होतो. वळणावर ट्रेलरची चाकं आतून कापत जातात, म्हणून वळण मोठं घ्या.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरसुद्धा ‘मोटार वाहन’च आहे. त्याची नोंदणी आणि विमा लागतो. ट्रेलरवर ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसायला हवा, मग ती एमएच-२७ अमरावतीची असो वा एमएच-३० अकोल्याची. बंद गाडी दोरानं ओढताना दोन गाड्यांमध्ये ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा.