डीजेची पहिली सामग्री : खिसा सांभाळून काय घ्यावे, काय टाळावे

- प्रतिनिधी

महाराष्ट्रात 'डीजे' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. विसर्जन मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत म्हणजेही डीजे आणि एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात श्रोत्यांना अलगद नेणारा कलाकार म्हणजेही डीजेच. शब्दाचा हा गोंधळ नवोदितांच्या खिशाला महागात पडतो. हौस म्हणून किंवा पुढे व्यवसाय म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणारा तरुण पहिल्याच दिवशी मोठे स्पीकर आणि अॅम्प्लिफायर यांच्या किमती विचारू लागतो. मात्र ही कला स्पीकरच्या भिंतीत नसून टेबलावर मावणाऱ्या एका लहानशा यंत्रात आणि ते हाताळणाऱ्याच्या कानात असते. सुरुवातीच्या वर्षात मोठ्या स्पीकरची गरजच पडत नाही. साठवलेली रक्कम नेमकी कुठे खर्चावी, याचा हा आढावा.

काम नेमके काय?

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी झालेल्या एका पार्टीत डीजे कूल हर्क यांनी तबकड्या वाजवल्या. हिप-हॉपचा इतिहास याच पार्टीपासून मोजण्याची प्रथा आहे. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलवर ठेवून त्यातील नाचण्याजोगा तुकडा लांबवत न्यायचा, हे त्यांचे तंत्र पुढे जगभर पसरले. यंत्रे बदलली तरी मांडणी अजूनही तीच आहे. गाणे वाजवणारी दोन साधने, त्यांचा आवाज एकत्र करणारा मिक्सर आणि पुढचे गाणे श्रोत्यांच्या आधी स्वतः ऐकण्यासाठी हेडफोन, या चार गोष्टी ज्या संचात आहेत तो संच शिकण्यासाठी पुरेसा होय. यापलीकडचे सारे दिवे, पडदे आणि बटणे ही सोय आहे, गरज नव्हे.

तीन मार्ग

पहिला मार्ग टर्नटेबलचा. टेक्निक्स कंपनीचे १९७२ साली आलेले एसएल-१२०० हे टर्नटेबल अनेक दशके या व्यवसायाचे मानक मानले गेले. कंपनीने २०१० मध्ये त्याचे उत्पादन थांबवले आणि २०१६ मध्ये ते पुन्हा सुरू केले. या मार्गाने हात उत्तम तयार होतो. मात्र दोन टर्नटेबल, मिक्सर, सुया आणि तबकड्या हा खर्च नवोदिताला पेलणारा नसतो. स्वस्तात मिळणारी पट्ट्यावर चालणारी टर्नटेबले तर या कामासाठी घेऊच नयेत. हाताने तबकडी थांबवून सोडली की त्यांना पूर्ववत वेग पकडायला वेळ लागतो. डीजेला मोटर थेट तबकडीखाली असलेले, म्हणजे 'डायरेक्ट ड्राइव्ह' टर्नटेबल लागते.

दुसरा मार्ग क्लबमध्ये दिसणाऱ्या मीडिया प्लेअरचा. २००१ साली आलेल्या सीडीजे-१००० या प्लेअरने सीडीवरचे गाणे तबकडीप्रमाणे हाताने फिरवण्याची सोय दिली आणि क्लबमधील टर्नटेबलची जागा हळूहळू प्लेअरने घेतली. आता त्यात पेन ड्राइव्ह लावून गाणी वाजवली जातात. परंतु नामांकित प्लेअरची जोडी आणि मिक्सर यांची किंमत काही लाखांच्या घरात जाते. शिकण्यासाठी एवढी गुंतवणूक करण्याचे कारण नाही.

तिसरा मार्ग कंट्रोलरचा. दोन जॉग व्हील आणि मध्ये मिक्सर अशी रचना असलेले हे यंत्र यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडायचे. गाणी लॅपटॉपमध्ये असतात आणि कंट्रोलर म्हणजे त्या सॉफ्टवेअरची मूठ. मर्यादित खर्चात सुरुवात करणाऱ्यासाठी बहुतेक वेळा हाच मार्ग योग्य ठरतो. येथे शिकलेले कौशल्य पुढे क्लबच्या यंत्रावरही उपयोगी पडते, कारण बटणांची मांडणी बरीचशी सारखी असते.

आधी एक महिना फुकट

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी महिनाभर केवळ लॅपटॉपवर सराव करावा. 'मिक्स' हे सॉफ्टवेअर संपूर्ण मोफत असून त्याची संहिता सर्वांसाठी खुली आहे. 'व्हर्च्युअल डीजे'ही घरगुती वापरासाठी मोफत मिळते. कंट्रोलर जोडल्यावर मात्र त्याला मर्यादा येतात. कीबोर्ड आणि माउसवर दोन गाण्यांचा ठेका जुळवणे कंटाळवाणे असते. तरीही महिनाभरानंतर उत्साह टिकला, तर पैसे खर्च करण्यास हरकत नाही. तो टिकला नाही, तर काही हजार रुपये वाचले असे समजावे.

कंट्रोलर निवडताना

सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे यंत्रात साउंड कार्ड अंगभूत आहे का. ते असेल तरच श्रोत्यांना एक गाणे आणि हेडफोनमध्ये दुसरे, असे दोन स्वतंत्र आवाज मिळतात. अगदी स्वस्त नमुन्यांत नेमके हेच गाळलेले असते. उदाहरणार्थ, २०१९ साली आलेल्या डीडीजे-२०० या यंत्राला हेडफोनची खाच नव्हती. आवाज विभागणारी वेगळी केबल लावून काम भागवावे लागे आणि तसे करताना श्रोत्यांना स्टिरिओऐवजी एकेरी आवाज मिळे. त्याउलट नुमार्कच्या डीजे-टू-गो-टू टच या तळहाताएवढ्या रुंदीच्या यंत्रात साउंड कार्ड आहे. किमतीपेक्षा ही ओळ खोक्यावर आधी शोधावी.

दुसरी गोष्ट वेग बदलणाऱ्या फेडरची लांबी. मिनिटाला १२० ठोके असलेले गाणे ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त केले, तर ते ११०.४ ते १२९.६ ठोक्यांच्या दरम्यान फिरते. हा सारा पल्ला बोटभर पट्टीत बसवला असेल, तर किंचितसा धक्काही मोठा फरक पाडतो. फेडर जितका लांब तितके कानाने ठेका जुळवणे सोपे. 'सिंक' बटणाने हे काम यंत्र आपोआप करते हे खरे. पण ढोलकी, ताशा किंवा हाताने वाजवलेल्या जुन्या चित्रपटगीतांचा वेग गाण्याच्या ओघात बदलतो आणि तेथे यंत्राचा अंदाज हमखास चुकतो. मराठी-हिंदी गाणी वाजवणाऱ्याला कान तयार केल्याशिवाय गत्यंतर नाही.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअर. प्रत्येक कंट्रोलर विशिष्ट सॉफ्टवेअरशी बांधलेला असतो. मोफत आवृत्तीत काय मिळते आणि कशासाठी वेगळे पैसे पडतात, हे खरेदीपूर्वी पाहावे. पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ हा दोन चॅनलचा कंट्रोलर 'रेकॉर्डबॉक्स' आणि 'सेराटो डीजे लाइट' या दोन्हींसह चालतो आणि त्याला वेगळा वीजपुरवठा लागत नाही. हर्क्युलिसच्या इन्पल्स मालिकेत ठेका जुळवताना गाणे पुढे आहे की मागे, हे दाखवणारे दिवे असतात. शिक्षकाविना शिकणाऱ्याला त्यांची मदत होते. नुमार्कच्या मिक्सट्रॅक प्लॅटिनम एफएक्समध्ये जॉग व्हीलच्या मध्यभागी लहान पडदा असतो. पायोनियर डीजे बनवणाऱ्या कंपनीचे नाव २०२० पासून अल्फाथीटा असे झाले असून काही नवी यंत्रे त्या नावाने येतात. दुकानात ते नाव दिसल्यास नक्कल समजून दचकू नये.

चार चॅनल, रंगीबेरंगी पॅड आणि डझनावारी इफेक्ट यांचा मोह पहिल्या यंत्रात टाळावा. दोन चॅनल, तीन पट्ट्यांचा इक्वलायझर आणि हेडफोनची खाच एवढ्यावर दोन वर्षे सहज निघतात.

लॅपटॉप आणि विलंब

नवा लॅपटॉप लगेच घेण्याची गरज नसते. घरातील लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर बहुधा काम भागते. बटण दाबणे आणि आवाज येणे यातील अंतर म्हणजे विलंब. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने ५१२ नमुन्यांचा बफर ठेवल्यास त्यातून सुमारे १२ मिलिसेकंदांचा विलंब होतो, तर २,०४८ नमुन्यांना तोच सुमारे ४६ मिलिसेकंदांवर जातो. पहिला जाणवत नाही, दुसरा हाताला खटकतो. वाजवताना वाय-फाय, अँटिव्हायरसची तपासणी आणि इतर कार्यक्रम बंद ठेवले, तर जुना लॅपटॉपही कमी बफरवर तग धरतो.

चार्जर लावल्यावर स्पीकरमधून 'हम्म' असा आवाज येऊ लागला, तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. लॅपटॉप क्षणभर बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज थांबला, तर सर्व उपकरणे एकाच बोर्डवर जोडावीत. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा 'उपाय' मात्र जिवावर बेतू शकतो.

हेडफोन आणि स्पीकर

हेडफोन कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला आणि एक कान बाजूला वळवता येणारा असावा. सुटी होणारी केबल हा मोठा फायदा आहे, कारण हेडफोनची केबलच बहुधा आधी दगा देते. ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकर या कामासाठी निरुपयोगी होत. १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधील अंतर ५०० मिलिसेकंद असते. ब्लूटूथचा विलंब १०० ते २०० मिलिसेकंद झाला, तरी ऐकू येणारा ठोका ठोक्याच्या एक पंचमांशाने किंवा अधिकच मागे पडतो. अशा आवाजावर ठेका जुळणे अशक्य.

घरी सरावासाठी अॅम्प्लिफायर अंगभूत असलेले लहान मॉनिटर स्पीकर पुरेसे आहेत. घरी चांगली म्युझिक सिस्टीम असल्यास आरसीए केबलने कंट्रोलर तिला जोडता येतो आणि हा खर्च पुढे ढकलता येतो.

रकमेची विभागणी

किमती सतत बदलतात, म्हणून आकड्यांऐवजी प्रमाण लक्षात ठेवावे. हाताशी १०० रुपये असतील, तर ५० कंट्रोलरवर, २० हेडफोनवर, १५ स्पीकरवर आणि उरलेले १५ गाणी, केबल व पिशवी यांवर खर्चावेत. सारे पैसे कंट्रोलरवर उधळून कानात मोबाइलचा हेडफोन लावणारे अनेक जण सहा महिन्यांत कंटाळतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात तपकीर गल्ली येथे केबल, पिना, कन्व्हर्टर यांची निवड चांगली मिळते. यंत्र मात्र पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी घेऊनच खरेदी करावे. परदेशातून नातेवाइकाने आणलेले यंत्र स्वस्त पडले, तरी त्याची वॉरंटी येथे बहुधा चालत नाही.

जुने घेताना

सेकंडहँड कंट्रोलर घेणे शहाणपणाचे ठरू शकते. मात्र स्वतःचा लॅपटॉप आणि हेडफोन घेऊनच विक्रेत्याकडे जावे. प्रत्येक फेडर सावकाश हलवून खरखर येते का, ते ऐकावे. क्रॉसफेडर पूर्ण एका बाजूला नेल्यावर दुसऱ्या बाजूचे गाणे झिरपता कामा नये. यूएसबीची खाच सैल नसावी. केबल किंचित हलवल्यावर आवाज तुटला, तर व्यवहार तेथेच थांबवावा. जॉग व्हील, सर्व पॅड, हेडफोनची खाच आणि आवाजाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजू तपासाव्यात. शेवटी ते मॉडेल आपल्या लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालते का, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहावे. यंत्र धडधाकट पण ड्रायव्हर बंद, असे जुन्या मॉडेलबाबत वारंवार घडते.

गाणी आणि कायदा

चार मिनिटांचे गाणे ३२० केबीपीएस एमपी३ स्वरूपात सुमारे साडेनऊ एमबी जागा घेते. म्हणजे ५०० गाणी पाच जीबीत मावतात. १२८ केबीपीएसचे गाणे घरच्या स्पीकरवर खपून जाते, मोठ्या सभागृहात मात्र त्याचा पातळपणा उघडा पडतो. कमी दर्जाची फाइल ३२० मध्ये रूपांतरित केल्याने गमावलेला आवाज परत येत नाही. गाणी विकत घ्यावीत. क्लब, हॉटेल किंवा तिकीट लावलेल्या कार्यक्रमात ती वाजवण्यासाठी पीपीएलसारख्या संस्थांचा परवाना लागतो. ही व्यवस्था बहुधा आयोजक करतो. तरी काम स्वीकारताना तशी खात्री करून घ्यावी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये विवाहविधी, वरात आणि विवाहाशी संबंधित समारंभ यांना सूट दिलेली आहे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार सार्वजनिक ठिकाणी ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी आवश्यक असून, शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस वगळता, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो वाजवण्यास बंदी आहे. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल इतकी आहे.

सर्वांत महाग साधन

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल आवाज दिवसातून आठ तास सुरक्षित धरला जातो आणि दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. कार्यक्रमात हेडफोनचा आवाज सभागृहाच्या आवाजावर चढवावा लागतो आणि कानाची हानी तेथे होते. संगीतासाठी बनवलेले इअरप्लग काही हजारांच्या आत मिळतात. खरेच व्यवसाय करायचा असेल, तर ते पहिल्या खरेदीतच असावेत. कंट्रोलर बिघडला तर नवा घेता येतो. गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि ठेका शेवटी कानानेच जुळवायचा असतो.