धास्ती, दहशत, धसका

मराठीत भयाला शब्द पुष्कळ आहेत, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. धास्ती लागते ती घटनेच्या आधी, घबराट उडते ती घटना घडताना आणि धसका बसतो तो सगळे होऊन गेल्यावर. दहशतीचे तसे नाही. ती कुणीतरी बसवावी लागते. तिला कर्ता असतो.

किल्लारीच्या भूकंपात हा क्रम स्पष्ट दिसतो. औसा तालुक्यातील या भागात १९९२ मध्येच धक्के जाणवू लागले आणि लोकांना धास्ती लागली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाची रात्र सरताना, पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. बहुतेकांना घाबरायलाही अवसर मिळाला नाही. वाचलेल्यांना बसला तो धसका. दगडी भिंतीच्या आडोशाला झोपायला माणसे पुढे कैक दिवस धजावत नव्हती.

दहशतीचा इतिहास त्याहून जुना आहे. 'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवींच्या संघटनेने हैदराबाद संस्थानात १९४७-४८ मध्ये जे केले, त्यामुळे मराठवाड्यात या शब्दाचा अर्थच पालटला. आजही कुणी अरेरावी केली की 'ही काय रझाकारी आहे?' असे विचारले जाते. सोसलेल्यांनी आपल्या भयाला असे नाव दिले.

पण १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करल्यावर भयाने दिशा बदलली. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत नांदेड होता आणि उस्मानाबादही. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच मोडत होते. मारले गेले ते बहुतांशी मुसलमान, आणि त्यांतल्या अनेकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. त्या दिवसांसाठी आपल्याकडे शब्द आहे तो 'पोलीस ॲक्शन'. तो कारवाईचे नाव सांगतो, भयाचे नाही.

भाषेच्या साक्षीवर इतिहास लिहिताना एवढे ध्यानात ठेवावे लागते. एका गावात दोन दहशती होऊन गेल्या. बोलीत नाव उरले ते एकीचेच.