जेट स्कीवर मागे माणूस का बसतो?

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे जेट स्कीची राइड घेतली असेल तर आठवून बघा. हँडल तुमच्या हातात असतं, तरी मागे बसलेल्या माणसाचे हातही त्याच हँडलवर असतात. आपल्याला वाटतं, नवख्या पर्यटकाची काळजी घेतायत. तेही खरंच आहे. पण त्या मागच्या माणसाला एक इतिहास आहे, आणि तो शोधताना आपण विद्यार्थी हमखास चुकीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो: जेट स्की पहिल्यांदा कोणी शोधली?

या प्रश्नाला उत्तरं भरपूर मिळतात, हीच अडचण आहे. पन्नाशीच्या दशकात इंग्लंडच्या व्हिन्सेंट या मोटारसायकल कंपनीने 'अमांडा' नावाची पाण्यावरची स्कूटर काढली होती. क्लेटन जेकबसन या अमेरिकन मोटोक्रॉस स्वाराच्या कल्पनेवरून कॅनडाच्या बॉम्बार्डिएने 1968 मध्ये 'सी-डू' बाजारात आणली. ती फार चालली नाही. मग जेकबसनलाच बरोबर घेऊन कावासाकीने 1973 मध्ये उभ्याने चालवायची गाडी काढली, तिचं नाव 'जेट स्की'. म्हणजे आपण ज्याला यंत्राचं नाव समजतो तो एका कंपनीचा ट्रेडमार्क आहे, डालडासारखा. आता 'पहिला' कोण ठरवायचा? कल्पनेचा मालक, विकणारा, की नाव देणारा? 'पहिला' शब्दाची व्याख्या बदलली की उत्तर बदलतं. असा प्रश्न प्रबंधाच्या प्रस्तावात लिहिलात तर गाइड पहिल्याच बैठकीत लाल रेघ मारतील.

त्यापेक्षा यंत्र उघडून बघू. त्यासाठी समुद्र लागत नाही, यवत पुरे. खडकवासल्यातून निघालेला मुठा उजवा कालवा यवतच्या शिवारातून पुढे इंदापूरकडे जातो. त्याच्या आसपासच्या उसात ज्याने कधी मोटर चालू केली आहे त्याला ठाऊक आहे, की पाणी जोरात आलं की लवचिक पाइपाचं तोंड हातात राहत नाही, मागे रेटतं. न्यूटनचा तिसरा नियम आपण पुस्तकाआधी इथे शिकतो. जेट स्की म्हणजे हीच गोष्ट: खालून पाणी ओढायचं, पंख्याने दाब द्यायचा, मागच्या अरुंद तोंडातून फेकायचं. पंपाचं काम पाणी हलवणं, इथे पाण्याऐवजी पंपच पुढे जातो.

कल्पना जुनीच. जेम्स रम्सीने 1787 मध्ये अमेरिकेच्या पोटोमॅक नदीत वाफेच्या पंपाने नाव चालवून दाखवली होती. पण ती टिकली नाही, कारण खोल पाण्यात आणि कमी वेगात साधा पंखाच जास्त काम देतो. जेटला खरी गरज मिळाली ती न्यूझीलंडमध्ये. बिल हॅमिल्टन हा मेंढपाळीच्या मोठ्या शेतावरचा माणूस, यंत्रांचा नादी. त्याच्या भागातल्या नद्या रुंद, उथळ, गोट्यांनी भरलेल्या. बाहेर आलेला पंखा तिथे दगडावर आपटून मोडणारच. 1950 च्या दशकात त्याने एका अमेरिकन जेटपासून सुरुवात केली. त्यात पाणी नावेच्या तळाखाली सोडलं जाई. हॅमिल्टनने ते तोंड पाण्याच्या पातळीच्या जरा वर आणलं आणि वेग बराच वाढला. 1960 मध्ये त्याच्या नावा कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यन प्रवाहाच्या उलट चढून गेल्या. गंमत म्हणजे शोधाचं श्रेय तो स्वतः आर्किमिडीजला देऊन मोकळा व्हायचा!

जेकबसनच्या गाडीत हाच जेट आहे. बाहेर फिरणारा पंखा नसल्याने पडलेला स्वार कापला जात नाही. उथळ पाण्याचा प्रश्न सुटला, पडण्याचाही बराचसा सुटला. पण त्याच तोंडाने एक नवा प्रश्न तयार केला.

नावेला मागे सुकाणू असतं. इंजिन बंद पडलं तरी नाव पुढे सरकत असेपर्यंत ते थोडंफार वळवतं. जेट स्कीला सुकाणूच नाही. ती वळते फक्त फेकलेल्या पाण्याची दिशा बदलून. उजव्या मुठीजवळचा खटका सोडला की पाणी थांबतं, आणि पाण्याबरोबर वळणंही. आता समोर होडी आली तर माणूस काय करतो? घाबरून खटका सोडतो आणि हँडल फिरवतो. मोटारसायकलवर हेच बरोबर असतं. इथे गाडी सरळ जाऊन धडकते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 1998 मध्ये या गाड्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली एक नोंद मी वाचून थांबलो होतो: करमणुकीच्या इतर नावांवर माणसं मुख्यतः बुडून मरतात, या एकाच प्रकारात आपटून मरणारे जास्त. जॅकेट बुडण्यापासून वाचवतं, धडकेपासून नाही. पुढे कंपन्यांनी खटका सोडल्यावरही थोडं वळता येईल अशा सोयी केल्या, आणि 2009 मध्ये सी-डूवर ब्रेक आला. पण तोवर हजारो जुन्या गाड्या जगभर फिरत होत्या.

आता देवबागचा मागचा माणूस पुन्हा बघा. तुम्ही घाबरून खटका सोडलात तर तो दाबून धरायला तिथे दुसरा हात हवा. यंत्रात जे सुकाणू बसवलं नाही, त्याची जागा पगारी माणसाने भरून काढली आहे. त्याच्यावर कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही. त्याने हे कुणाकडून शिकलं, मासेमारीतून तो इथे कसा आला, खाडीच्या मुखाशी सरकणारी वाळू तो कशी ओळखतो, पंपात वाळू गेली की काय करतो? पुढच्या वेळी राइडला गेलात तर उतरल्यावर पाच मिनिटं त्याच्याशी बोला. वही खिशात ठेवा, फोनवर पाणी उडतं.