राणीची लूटी

'लूट' या शब्दाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. बाजारात कांद्याचा भाव पाडून मागितला की आपण म्हणतोच, लूट चाललीय नुसती. हा शब्द इंग्रजांनी आपल्या देशातून उचलला आणि तो त्यांच्या भाषेत कायमचा राहिला. त्यांच्या राणीच्या एका कुत्रीचं नावसुद्धा यावरूनच पडलं. लूटी. आज तिची आणि तिच्या जातीची गोष्ट.

लूटी होती पेकिंगीज जातीची. पेकिंग म्हणजे चीनची राजधानी, आताचं बीजिंग. हा कुत्रा वजनाला पाच किलोच्या आसपास, पिठाच्या एका पिशवीएवढा. नाक बसकं, डोळे मोठे आणि बाहेर आलेले, मानेभोवती सिंहासारखी आयाळ, पुढचे पाय थोडे वाकडे, त्यामुळे चाल डुलत डुलत. स्वभावानं मानी आणि हट्टी. परक्याशी पटकन जमवून घेत नाही, पण घाबरतही नाही. चीनमध्ये एक कथा सांगतात. सिंहाचं एका इवल्याशा माकडिणीवर मन बसलं. तो बुद्धाकडे गेला आणि म्हणाला, मला लहान कर, पण काळीज सिंहाचंच ठेव. त्यातून हा कुत्रा झाला म्हणे.

खरं पाहिलं तर त्याला घडवला माणसांनी. राजवाड्यात पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून. सगळ्यात लहान कुत्री अंगरख्याच्या रुंद बाहीत ठेवून फिरवत, म्हणून त्यांना बाहीतले कुत्रे म्हणत.

आता लूटी राजवाड्यातून बाहेर कशी पडली ते ऐका. त्या काळी इंग्रज हिंदुस्थानात पिकलेली अफू चीनमध्ये विकत. माळव्याची अफू तर आपल्या मुंबई बंदरातूनच जहाजात चढायची. चीननं अफूला आडकाठी केली आणि त्यातून दोन युद्धं झाली. दुसऱ्या युद्धात, 1860 साली, इंग्रज आणि फ्रेंच फौजा पेकिंगपर्यंत पोचल्या. इंग्रजांच्या फौजेत पंजाबचे, मद्रासचे आपले शिपाईही होते. बादशहा आधीच दरबार घेऊन उत्तरेला पळाला होता. ऑक्टोबरात शहराबाहेरचा उन्हाळी महाल फौजांनी लुटला. रेशीम, सोनं, घड्याळं, चिनी मातीची भांडी, हाताला येईल ते. चिन्यांनी पकडलेल्या काही इंग्रज, फ्रेंच आणि हिंदुस्थानी लोकांचे कैदेत हाल होऊन मृत्यू झाले होते. त्याची शिक्षा म्हणून लॉर्ड एल्गिननं सगळा महाल जाळायचा हुकूम दिला. हाच एल्गिन दोन वर्षांनी आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आला आणि 1863 साली धरमशाळेला वारला. तिथेच त्याची कबर आहे.

त्या महालात ही लहान कुत्री मागे राहिली होती. पाच कुत्री सापडली असं सांगतात. त्यातली एक कॅप्टन डन या अधिकाऱ्यानं उचलली. इतकी लहान की ती त्याच्या टोपीत झोपायची. तिला त्यानं इंग्लंडला नेलं आणि व्हिक्टोरिया राणीला भेट दिलं. नाव ठेवलं लूटी. चोरलेल्या वस्तूचं नाव कुणी 'चोरी' ठेवील का? इथे ठेवलं. आम्हाला वाटतं, लाज नव्हतीच, म्हणून लपवायचीही गरज पडली नाही. राणीनं 1861 साली काइल नावाच्या चित्रकाराकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते आजही तिथल्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. लूटी 1872 साली मेली.

बादशहाबरोबर पळालेल्यांत त्याच्या वारसाची आई होती, त्सिशी. पुढे राजमाता म्हणून तिनं चीनवर जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं सत्ता गाजवली आणि हेच कुत्रे पुन्हा पाळले. 1903 साली कॅथरीन कार्ल ही अमेरिकन चित्रकार तिचं चित्र काढायला दरबारात राहिली. तिनं लिहून ठेवलंय, की कुत्र्यांना राहायला संगमरवरी फरशीची जागा होती आणि निजायला रेशमी गाद्या. पण वाढ खुंटवून लहान ठेवलेले बाहीतले कुत्रे राजमातेला आवडत नसत. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. एवढ्या थाटामाटात राहणाऱ्या बाईलाही ते मुद्दाम बोनसं ठेवणं पटत नव्हतं.

इंग्लंडात मात्र उलटं झालं. प्रदर्शनांत बक्षिसं मिळू लागली तसं नाक आणखी बसकं, केस आणखी लांब होत गेले. 2008 साली बीबीसीनं यावर माहितीपट दाखवला, बराच गवगवा झाला. मग तिथल्या केनेल क्लबला नियम बदलावे लागले. पेकिंगीजला थोडं तरी नाक दिसलंच पाहिजे, असं ठरलं.

पेकिंगीज आपल्या गावात दिसणार नाही. पण त्याचा भाऊबंद पग, तोही मूळचा चीनचाच, मोबाईलच्या त्या जाहिरातीनंतर तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलाय. बसक्या नाकाच्या सगळ्याच कुत्र्यांची काळजी सारखी. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो. नाकच आखूड म्हटल्यावर ते जमत नाही. एप्रिल-मे महिन्यांत त्याला उन्हात बांधू नका, फिरवायचं तर पहाटे. घरघर वाढली, जीभ निळसर दिसली, तर सावलीत घ्या, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. गळ्याला पट्टा नको, छातीला बांधायचा घ्या. मानगुटीला धरून उचलू नका. डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात, झटापटीत डोळा बाहेर येऊ शकतो. तसं झालं तर स्वच्छ ओलं फडकं ठेवून तडक दवाखाना. तोंडावरच्या घड्या रोज पुसून कोरड्या करा. लाडानं खाऊ घालून जाड करू नका, श्वास आणखी अडतो. रेबीजची लस दरवर्षी.

आणि बाळंतपण. पिल्लांची डोकी मोठी असतात, त्यामुळे या कुत्रींना पुष्कळदा ऑपरेशन करावं लागतं. कुणी पिल्लू विकत घेणार असेल तर आधी त्याची आई दाखवायला सांगा. ती चार पावलं चालून घरघरायला लागली तर पैसे पदरातच ठेवा.