घरपोच शुश्रूषेतील रिकाम्या भेटींची संगणकीय जुळवणी

वृद्ध, अपंग किंवा दीर्घकाळ आजारी व्यक्तीच्या घरी ठरलेल्या वेळी जाऊन आंघोळ घालणे, कपडे बदलणे, जेवू घालणे, औषधे देणे ही कामे करणाऱ्या मदतनिसांचे रोस्टर आखणारी आणि ज्या भेटीला माणूस उरलेला नाही तिच्यासाठी माणूस शोधून देणारी संगणकीय पद्धत. ही नोंद मुख्यतः इंग्लंडमधील अनुभवावर आधारलेली आहे, कारण तेथे ही शुश्रूषा अर्ध्या-पाऊण तासांच्या तुकड्यांत विकत घेतली जाते. १९९० च्या ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस अँड कम्युनिटी केअर’ कायद्यानंतर स्थानिक परिषदा स्वतःचे मदतनीस नेमण्याऐवजी हे काम बहुतांशी खाजगी व सेवाभावी संस्थांकडून कंत्राटाने करून घेऊ लागल्या. सकाळी अंथरुणातून उठवण्याची, दुपारी जेवणाची, संध्याकाळी चहाची आणि रात्री झोपवण्याची, अशा दिवसाला चार भेटी एका घरी असू शकतात. मदतनीस आजारी पडली, रजेवर गेली किंवा नोकरी सोडून गेली की तिच्या वाट्याच्या सगळ्या भेटी एकदम रिकाम्या होतात, आणि अशी भेट सकाळची असेल तर कोणीतरी ओल्या कपड्यांत अंथरुणावर वाट पाहत राहते. पूर्वी संस्थेतील समन्वयक फोनवर फोन करून बदली माणूस शोधत असे. आता ते काम सॉफ्टवेअर करते आणि पुष्कळदा माणसापेक्षा चांगले करते. मात्र भेट भरली एवढ्यावरच त्याचे यश मोजले, तर ज्यांच्यासाठी ही सारी खटपट आहे त्यांचेच नुकसान होऊ शकते.

या पद्धतीचे गणित जुने आहे. दहा मदतनीस आणि दहा भेटी यांच्या जोड्या ३६,२८,८०० प्रकारे लागू शकतात. त्यांतील सर्वांत सोयीची मांडणी सगळे पर्याय न तपासता काढण्याची रीत हॅरल्ड कून यांनी १९५५ मध्ये मांडली. ती क्योनिग आणि एगरवारी या हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर उभी असल्याने ‘हंगेरियन पद्धती’ म्हणून ओळखली जाते. पण मदतनीस एकाच घरी जात नाही, ती एका घरातून दुसऱ्या घरी फिरते. त्यामुळे या प्रश्नात १९५९ मध्ये डँटझिग आणि रॅम्सर यांनी मांडलेला वाहनमार्गांचा प्रश्नही मिसळतो. त्यांच्यापुढे पेट्रोल पंपांना इंधन पोचवणारे ट्रक होते. शिवाय प्रत्येक भेटीची वेळ ठरलेली, काही भेटींना दोन माणसे लागणारी, काही घरी फक्त स्त्री मदतनीस चालणारी, कोठे रुग्णाला उचलण्याच्या यंत्राचे प्रशिक्षण आवश्यक. इतक्या अटी आल्यावर सर्वोत्तम उत्तर वाजवी वेळात सापडेल याची खात्री राहत नाही, म्हणून सॉफ्टवेअर पुरेसे चांगले उत्तर शोधते. त्यासाठी अटींचे दोन गट पाडतात. काही अटी मोडताच येत नाहीत. बाकीच्या मोडता येतात, पण मोडल्या की प्रत्येकीमागे काही दंडगुण लागतात, आणि ज्या मांडणीत दंडगुणांची बेरीज कमी ती मांडणी स्वीकारली जाते. कोणती अट कोणत्या गटात जाईल आणि कोणत्या उल्लंघनाला किती दंड, हे माणसे ठरवतात. सगळा वाद येथेच आहे, कारण हा निर्णय धोरणाचा असूनही बहुतेक वेळा तो विक्रेत्याने आधीच भरून दिलेल्या रकान्यांत घेतला जातो आणि मदतनीस, रुग्ण किंवा परिषद यांपैकी कोणाच्याही नजरेस पडत नाही.

दंडगुण विचारपूर्वक ठरवले तर किती साधते, याचे उदाहरण स्वीडनमध्ये आहे. तेथे संशोधकांनी विकसित केलेली ‘लॅप्स केअर’ ही प्रणाली अनेक नगरपालिकांच्या गृहसेवेत वापरात आली. तिच्या निर्मात्यांनी २००९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार कामाची कार्यक्षमता १० ते १५ टक्क्यांनी वाढली. हा दावा निर्मात्यांचा आहे हे लक्षात ठेवूनही तो फेटाळण्याचे कारण नाही, कारण मार्ग नीट आखल्याने रस्त्यात जाणारा वेळ कमी होतो हे उघड आहे. प्रश्न उरतो तो वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो हा. तो मदतनिसाच्या विश्रांतीत किंवा रुग्णाच्या भेटीत जाऊ शकतो. दिवसात आणखी एक भेट कोंबण्यासाठीही वापरला जाऊ शकतो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तिन्ही सारखेच.

सर्वांत स्वस्त दंडगुण बहुधा ओळखीचाच माणूस पाठवण्याच्या अटीच्या वाट्याला येतो. रिकामी भेट भरायची तर जवळ असलेली कोणतीही पात्र व्यक्ती चालते असे मानले, की जुळवणी सोपी होते. इंग्लंडमधील ‘नाइस’ या आरोग्य व शुश्रूषेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची सप्टेंबर २०१५ ची मार्गदर्शिका याच्या उलट सांगते. अर्ध्या तासाहून लहान भेट द्यायची तर मदतनीस त्या व्यक्तीच्या ओळखीची हवी, ती भेट मोठ्या मदतयोजनेचा भाग हवी आणि नेमून दिलेले काम तेवढ्या वेळात उरकता आले पाहिजे, अशा तिन्ही अटी तिने एकत्र घातल्या आहेत. त्यामागचा विचार सरळ आहे. अनोळखी व्यक्तीसमोर अंग उघडे करणे कोणालाही जड जाते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला रोज नवा चेहरा दिसला तर तो दार उघडत नाही किंवा औषध घेत नाही. ओळखीच्या मदतनिसाला आज पाय जास्त सुजलेत, काल जेवण तसेच ताटात राहिले, हे कळते. पहिल्यांदा आलेलीला कळत नाही. समता व मानवाधिकार आयोगाने २०११ मध्ये केलेल्या चौकशीतही पंधरा मिनिटांच्या भेटींमुळे वृद्धांना आंघोळ की जेवण अशी निवड करावी लागत असल्याचे नोंदवले गेले. अशी भेट सॉफ्टवेअरच्या पडद्यावर पूर्ण झालेली दिसते.

दुसरा हिशेब प्रवासाचा. समजा, मदतनिसाला अर्ध्या अर्ध्या तासाच्या चार भेटी दिल्या आणि दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटे प्रवास लागला. काम दोन तासांचे, पण ती घराबाहेर पावणेतीन तास असते. दर ताशी १५ पौंड असून पैसे फक्त भेटीचे मिळाले, तर तिच्या हाती ३० पौंड येतात, म्हणजे तासाला १० पौंड ९१ पेन्स. एप्रिल २०२५ मध्ये २१ किंवा त्याहून अधिक वयाच्या कामगाराचे किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स झाले. दोन भेटींमधला प्रवास हा कामाचाच वेळ आहे असा निर्णय ब्रिटनच्या कामगार अपील न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये एका गृहसेविकेच्या खटल्यात दिला होता. वेतन कायद्यात बसते की नाही हे वेतनकाळाच्या सरासरीवर ठरत असल्याने प्रत्येक दिवस बेकायदा ठरेल असे नाही. तरीही दूरच्या आणि तुटक भेटी कोणी घेत नाही याचे कारण या हिशेबात आहे. २०२१-२२ मध्ये इंग्लंडच्या प्रौढ समाजसेवेत सुमारे १,६५,००० जागा रिकाम्या होत्या, म्हणजे दर दहा जागांमागे एकीहून अधिक. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी मदतनिसांसाठी व्हिसाचे दार उघडले, भारतातूनही अनेक जण गेले, आणि रिकाम्या जागांचे प्रमाण उतरले. जुलै २०२५ मध्ये ते दार नव्या परदेशी भरतीसाठी पुन्हा बंद झाले. माणसे कमी असताना जुळवणी कितीही हुशार असली तरी ती टंचाई एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकवते.

नुसती भेट भरणे हे यश न मानण्याच्या या भूमिकेवर पहिला आक्षेप असा, की उपाशी किंवा औषधावाचून राहण्यापेक्षा अनोळखी मदतनीस बरी. हे खरे आहे, आणि इन्सुलिन देण्यासारख्या भेटींबाबत त्यावर वाद होऊच शकत नाही. पण म्हणूनच सगळ्या रिकाम्या भेटी एकाच रांगेत उभ्या करू नयेत. ज्या भेटीची वेळ चुकली तर जीवाला धोका आहे तिथे कोणीही पात्र व्यक्ती त्वरित जावी. जिथे आंघोळ दोन तास पुढे गेली तरी चालते तिथे ओळखीच्या मदतनिसाची वाट पाहावी आणि रुग्णाला तसे फोनवर विचारावे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माणूस असलेला समन्वयक आपल्या आवडत्या मदतनिसांना चांगल्या फेऱ्या देतो, नव्या आलेल्यांना आणि परदेशातून आलेल्यांना उरलेसुरले, तर यंत्र निदान सर्वांना एकच नियम लावते. पक्षपाताची ही तक्रार निराधार नाही. परंतु रिकामी भेट ॲपवर सर्वांना दाखवून पहिल्या होकाराला देण्याची जी रीत रूढ झाली आहे, तिच्यात फोन सतत हातात ठेवू शकणारी, गाडी असलेली आणि घरी लहान मूल नसलेली मदतनीस जिंकते. टेकडीवरचे घर, चिडखोर रुग्ण किंवा रात्रीची भेट शेवटपर्यंत तशीच पडून राहते. किमान तासांची हमी नसलेल्या ‘शून्य तासांच्या’ करारावरील बाईने दोनदा नकार दिला की पुढच्या आठवड्यात तास कमी होतील ही भीती तिला असतेच, आणि नकारांची नोंद यंत्र समन्वयकापेक्षा अधिक चोख ठेवते.

तिसरा आक्षेप असा, की ओळखीचा चेहरा आणि तास दोन्ही जपायचे तर खर्च परवडणार नाही. नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक यांनी २००६ मध्ये स्थापन केलेल्या ‘बुर्टझोर्ग’ने वेगळी वाट घेतली. तेथे जास्तीत जास्त बारा परिचारिकांचा गट एका वस्तीची जबाबदारी घेतो आणि आपले रोस्टर स्वतः लावतो. संस्थेकडे सॉफ्टवेअर आहे, पण कोण कोणाकडे जाणार हे गट ठरवतो. या गटांत प्रशिक्षित परिचारिका असतात आणि डच विमाव्यवस्था निराळी आहे, त्यामुळे हा नमुना इंग्लंडच्या परिषदांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी वस्ती लहान ठेवली की प्रवास आपोआप आखडतो आणि बदली मदतनीसही ओळखीतलीच निघते, एवढे त्यातून घेता येते.

महाराष्ट्रातील शहरांत ब्युरोमार्फत येणाऱ्या मावशी किंवा आया बहुधा बारा किंवा चोवीस तास एकाच रुग्णाजवळ असतात. तेथे मार्ग आखण्याचा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही, बदलीचा मात्र तितकाच उद्भवतो. वर सांगितलेल्या उणिवा नजरेस पडाव्यात म्हणून इंग्लंडमध्ये या प्रणालींची खरेदी करणाऱ्या परिषदांनी भरलेल्या भेटींच्या टक्केवारीबरोबर आणखी तीन आकडे मागावेत: एका व्यक्तीकडे महिन्यात किती वेगळे मदतनीस गेले, प्रवासाच्या किती मिनिटांचे पैसे दिले गेले, आणि कोणत्या भागातील भेटी पुन्हा पुन्हा रिकाम्या पडल्या. तिन्ही आकडे प्रणालीत आधीपासून साठलेले असतात.