दोन मिनिटांचा अंधार

वऱ्हाडच्या इतिहासांत लढायांची व दुष्काळांची वर्णनें पुष्कळ आढळतात; पण नेत्रविद्येवर प्रकाश पाडणारा त्यांतील एक प्रसंग आमच्या थोड्याच वाचकांना ठाऊक असेल. ता. २२ जानेवारी १८९८ रोजीं, पौष अमावास्येच्या दुपारीं, अमरावती जिल्ह्यांत धामणगांवाजवळील तळणी येथें खग्रास सूर्यग्रहण दिसलें. तें पाहण्यासाठीं मॉंडर पतिपत्नी, एव्हरशेड इत्यादि ज्योतिषी विलायतेहून येऊन तेथें तळ देऊन राहिले होते.

खग्रास अवस्था सुमारें दोनच मिनिटें टिकली. लख्ख उन्हांतून एकाएकीं अंधारांत आलेल्या डोळ्यास तेवढ्यांत काय दिसणार? नेत्रपटलांतील जांभळट रंगद्रव्य प्रकाशानें फिकें पडतें व अंधारांत पुन्हां भरून येतें, हें बोल व क्यूने या शास्त्रज्ञांनीं १८७६-७७ सालींच दाखविलें होतें. तें पुरतें भरून येण्यास अर्धा तास तरी लागतो. अर्थात् डोळा सावरण्यापूर्वींच ग्रहण सुटूं लागतें. फोटोच्या कांचेला मात्र दिपणें ठाऊक नाहीं. ॲनी मॉंडरबाईंनीं दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्यानें सूर्यप्रभेचा सुमारें ६० लक्ष मैल लांबीचा किरण टिपला.

दिपलेला डोळा कांहीं वेळानें सावरतो. पण उघड्या डोळ्यांनीं सूर्यबिंब न्याहाळल्यानें भाजलेला नेत्रपटलाचा भाग पुरता भरून येईलच असें नाहीं. ग्रहण पाहूं नये, हा आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांचा दंडक. त्याचीं कारणें कांहींहि सांगितलीं जावोत, डोळ्यांपुरता तो टाकाऊ नाहीं. दिपणें निराळें व भाजणें निराळें, हा भेद मुलांना समजावून देणें हें आतां आमचें काम होय.